हिरव्या इमारतीचा उतारा : कोणता देश कसा काढतो?



गेल्या वार्षिक सभेत नव्या गट ऑफिसच्या बांधकामाचा विषय निघाला, तेव्हा एका सभासदाने उठून विचारले, "हिरव्या इमारतीची पाटी लावायची म्हणता, तिचा आम्हाला उपयोग काय? पैसा तर आमच्या उसातूनच जाणार ना?" प्रश्न रास्त होता. आमचा धंदा उसाचा, बांधकामाचा नव्हे. तरीपण माहिती जमविण्याचे काम आमच्या खात्याकडे आले, ती येथे थोडक्यात देत आहोत.

हिरवी इमारत म्हणजे भिंतीला हिरवा रंग नव्हे. वीज-पाणी कमी लागावे, उजेड-वारा मोकळा मिळावा, बांधकामाचा माल शक्यतो जवळपासचा असावा, या गोष्टींना गुण देऊन इमारतीची प्रत ठरवतात. मात्र प्रत्येक देशाची परीक्षा वेगळी.

इंग्लंडने 1990 साली 'ब्रीम' ही पद्धत सुरू केली. तिच्यात 30 टक्क्यांना पास, तर 85 टक्क्यांना सर्वांत वरचा दर्जा. अमेरिकेची 'लीड' 1998 सालची. तिथे 110 पैकी 40 गुणांना साधे प्रमाणपत्र, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड आणि 80 ला प्लॅटिनम. दोन्हीत काही अटी सक्तीच्या आहेत. बाकी एका विषयात कमी पडले तर दुसऱ्यात भरून काढता येते, शाळेच्या परीक्षेसारखे.

जपानच्या 'कॅसबी'ची रीत निराळी. इमारतीत राहणाऱ्याला मिळणारी सोय वर आणि परिसरावर पडणारा भार खाली मांडून भागाकार करतात. भागाकार 3 किंवा अधिक आला तर वरचा दर्जा. आपल्या भाषेत सांगायचे तर नुसते एकरी टनेज विचारत नाहीत. ते काढायला पाणी किती ओतले, हेही विचारतात.

आम्हाला सर्वांत पटली ती ऑस्ट्रेलियाची 'नॅबर्स'. ती नकाशा बघत नाही, वापरात असलेल्या इमारतीची 12 महिन्यांची प्रत्यक्ष वीज मोजते आणि 6 पर्यंत तारे देते. मोठ्या ऑफिसची जागा विकताना अगर भाड्याने देताना हे तारे जाहीर करण्याचा कायदा तिथे 2010 साली झाला. उभ्या उसाचा अंदाज आणि काट्याची पावती यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. आमची माणसे शिवारात फिरून एकरी 50 टन लिहितात आणि काट्यावर 42 भरतात, हे अनेकदा झाले आहे. इमारतीचेही तसेच. कागदावर हिरवी, बिलावर तांबडी!

आपल्या देशात हैदराबादच्या एका इमारतीला 2003 साली 'लीड'चे प्लॅटिनम मिळाले. पण थंड देशात ऊब आत कशी राहील याची काळजी, तर आपल्याकडे ऊन बाहेर कसे राहील याची. म्हणून टेरी संस्था व केंद्र सरकारचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा खाते यांनी आपल्या हवामानाला धरून 'गृह' ही पद्धत तयार केली. 2007 साली ती राष्ट्रीय पद्धत ठरली. तिच्यात एक ते पाच तारे असतात आणि एअर कंडिशनर नसलेल्या इमारतीचाही विचार होतो. पुण्यात हडपसरला सुझलॉनच्या 'वन अर्थ' इमारतीने 'लीड' व 'गृह' या दोन्ही परीक्षा वरच्या दर्जाने पार केल्या आहेत.

मग आपण काय करावे? आमचे मत असे. पाटीची घाई नको. पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर खिडक्या आणि पत्र्यावरचे पावसाचे पाणी साठवायला टाकी, एवढे नकाशातच घ्यावे. विजेचे व पाण्याचे मीटर वेगळे बसवून दर महिन्याचा आकडा गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावा. वर्षभराने आकडे सभेपुढे येतील. पाटीसाठी फी भरायची की नाही, ते तेव्हा सभासदांनीच ठरवावे. अंदाजावर आपण उसाचे बिल काढत नाही. इमारतीचे तरी का काढावे?

आपल्या सूचना गट ऑफिसात लेखी द्याव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी