मुहूर्त कायद्यात नाही, मग घरात कशाला?

चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्याने ती कधी सुमारे १९ तासांत संपते, तर कधी २६ तास चालते. हे गणित आहे. वैशाखी पौर्णिमा आपणही त्यावरूनच ठरवतो. पण दिवसाचे आठ भाग करून एकाला 'राहुकाळ' म्हणायचे, ४८ मिनिटांचा मुहूर्त शुभ ठरवून दक्षिणा घ्यायची, हा निव्वळ धंदा!

बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये मुहूर्ताचा शब्दही नाही. तरी आपल्याच वस्तीत लग्नाची तारीख भटजीला चोरून विचारली जाते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मग कशासाठी? बांधवांनो, सर्वांना सवड असेल तोच मंगल दिवस.