बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद केली? थांबा, आधी हे वाचा

"डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" बीपी असलेल्या घरोघरी हाच प्रश्न ऐकायला मिळतो. पण बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्रास जाणवतो तेव्हा कधी कधी थेट लकवा किंवा हार्ट अटॅकच आलेला असतो. म्हणूनच गावातल्या आशाताईंचं काम इथे मोलाचं ठरतं.

आशाताई नेमकं काय करतात?
वयाची ३० वर्षं पूर्ण झालेल्यांचा 'सीबॅक' फॉर्म त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, हे विचारतात. मग तपासणीसाठी उपकेंद्रात पाठवतात. तिथे सिस्टर किंवा सीएचओ बीपी मोजतात. पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टर उपचार ठरवतात. गोळी आशाताई ठरवत नाहीत. पण ती सुरू आहे ना, तपासणीची तारीख चुकली का, हे बघायला त्याच दारात येतात.

अशा घरभेटींचा फायदा होतो का?
होतो. भारताच्या शेजारच्या बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांमध्ये २,६४५ बीपी रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे आरोग्य सेविका घरी जाऊन बीपी मोजत, समजावून सांगत आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांकडे पाठवत, तिथे वरचं बीपी इतर ठिकाणांपेक्षा सुमारे ५ अंकांनी जास्त उतरलं.

तुम्ही काय करायचं?
• बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाच मिनिटं शांत बसा.
• दिवसाला मीठ एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे यातलं मीठही त्यातच धरा.
• गोळ्या संपायच्या आधीच पुढच्या घेऊन ठेवा. सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात.
• ऊसतोडीला किंवा बाहेरगावी कामाला जाताय? निघण्याआधी आशाताईंना सांगा. गोळ्या आणि उपचाराचं कार्ड सोबत ठेवा. तिथल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवता येतं.
• गोळीने पाय सुजले, चक्कर आली, तर परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

गोळी घेतल्यावर बीपी नॉर्मल आलं, म्हणजे आजार गेला असं नाही. गोळी काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आशाताई दारात आल्या, की "मला काही नाही झालं" म्हणून त्यांना परत पाठवू नका.