मातीविना शेती आणि सामूची पारख

मातीवाचून शेती ही कल्पना ऐकायला नवलाची वाटते. पण ती तशी जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी १९३७ मध्ये ती 'हायड्रोपोनिक्स' या नावाने जगापुढे मांडली. पुढे शाल्टो डग्लस यांनी १९४६ पासून बंगालमधील कालिंपाँग येथे साध्या, स्वस्त साधनांनी ती करून दाखविली. राजपुरीच्या खाडीकाठी वसलेल्या आमच्या दिघीसारख्या गावात, जेथे किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेथे थोड्या गोड्या पाण्यावर भाजी काढण्याची ही रीत उपयोगी पडावी. मी अंगणात नारळाच्या भुशात पालक व मिरची लावली आहे. तेव्हा जो प्रश्न प्रथम सोडवावा लागला, त्याविषयी येथे लिहितो. तो प्रश्न म्हणजे पाण्याचा सामू स्वस्तात कसा मोजावा?

सामू म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचे माप. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ते रूढ केले. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. यातली प्रत्येक पायरी दहापटीची असते. सामू ५ असलेले पाणी ६ पेक्षा दहापट आणि ७ पेक्षा शंभरपट आम्ल असते. म्हणून अर्ध्या अंकाचा फरकही क्षुल्लक मानता येत नाही.

मातीविना वाढणाऱ्या बहुतेक भाज्यांना ५.५ ते ६.५ हा सामू मानवतो. तो सातापलीकडे गेला की पाण्यातले लोह साका होऊन तळाशी बसते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खत कमी पडले असे समजून माणूस आणखी खत ओततो. पैसा जातो आणि रोप तसेच उपाशी राहते! सामूची पारख हवी ती यासाठी.

आता साधने पाहू. पहिले आपल्या स्वयंपाकघरातले. हळद अल्कात तांबडी होते. पण तिचा रंग सामू साडेसातच्या आसपास गेल्यावर बदलू लागतो. त्याखाली ती पिवळीच, म्हणून आपल्या कामाची नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गुलाबी व अल्कात हिरवा होतो, परंतु साडेपाच आणि साडेसहा यांतला फरक त्यात डोळ्यांना नीट उमगत नाही. कोकमाचे आगळ तर मुळातच आंबट; ते घातले की पाण्याचाच सामू उतरतो.

दुसरा लिटमस कागद. दगडफूल ज्या वर्गात मोडते त्या शैवाकांपासून हा रंग काढतात. त्याचा पालट साडेचारपासून सव्वाआठपर्यंत हळूहळू होतो. पाणी आम्ल की अल्क एवढे तो सांगेल, किती ते सांगणार नाही.

तिसरा मार्ग निर्देशक द्रवाच्या थेंबांचा. चमचाभर पाण्यात दोन-तीन थेंब टाकायचे आणि सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचे. घेताना बाटलीवरील मर्यादा मात्र अवश्य वाचावी. मत्स्यालयासाठी विकले जाणारे काही द्रव ६ ते ७.६ एवढेच दाखवितात. सहाच्या खाली सारे पिवळेच. आपल्याला चार ते आठ अशी मर्यादा असलेला द्रव हवा. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे धरून पाहावा. खताचे पाणी स्वतःच पिवळसर असेल तर थोडी फसगत संभवते.

चौथा, खिशात मावणारा सामूमापक. हल्ली तो काहीशे रुपयांत मिळतो व अंक लगेच दाखवितो. पण त्याच्या टोकाची काचेची घुंडी वाळली की बिघडते. ती पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओली ठेवावी लागते. शिवाय ४ व ६.८६ सामूच्या प्रमाण द्रावणांत वरचेवर बुडवून तो जुळवून घ्यावा लागतो. न जुळविलेल्या मापकाचा अंक दशांशापर्यंत चोख दिसतो, आणि म्हणूनच अधिक फसवितो.

या सर्वांचा विचार करता माझे मत असे झाले की, दहा-वीस कुंड्यांसाठी थेंबांचा द्रव सर्वांत परवडणारा. आपल्याला पाव अंकाची अचूकता नको आहे. पाणी त्या एका अंकाच्या पट्ट्यात आहे की नाही, एवढेच जाणायचे आहे. टाक्या मोठ्या असतील तर मापक घ्यावा. मात्र प्रमाण द्रावणांचा खर्च त्याच्या किमतीतच धरावा.

मोजणी एकदा करून भागत नाही. मुळे नायट्रेट शोषतात तसा सामू चढतो, अमोनियम शोषतात तसा उतरतो. लिंबाच्या रसाने तो उतरविता येतो, पण पाण्यातले जिवाणू तो रस खाऊन टाकतात व सामू पुन्हा वर येतो. म्हणून एक दिवसाआड तरी पाहावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याचा मचूळपणा सामूने कळत नाही. त्यासाठी क्षार मोजण्याचे साधन वेगळे.

हे काम केवळ विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांचे आहे असे कलाशाखेतील माझ्या मित्रांनी समजू नये. रंगांतला बारीक भेद ओळखणे आणि रोज तारीखवार टिपण ठेवणे एवढीच यासाठी लागणारी विद्या आहे. ती आपल्यापाशी आहेच.