हाय चेअरमध्ये बाळ कशामुळे सुरक्षित राहते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

हाय चेअर म्हणजे लहान मुलाला मोठ्यांच्या जेवणाच्या टेबलाच्या उंचीला आणणारी खुर्ची. तिची बैठक जमिनीपासून अर्धा मीटर किंवा त्याहून थोडी वर असते. तीत बसलेल्या बाळाचे डोके जवळपास एक मीटर उंचीवर येते. मांडीवर घेऊन किंवा चटईवर बसवून भरवताना उंची नसल्यामुळे पडण्याचा धोका नगण्य असतो. हाय चेअर वापरताना मात्र सुरक्षिततेचा पहिला प्रश्न या उंचीचाच असतो.

खुर्चीच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र काम आहे. रुंद पाया खुर्चीला कलंडू देत नाही. पाठ आणि पाय टेकायची फळी मुलाला सरळ बसायला मदत करतात. मांड्यांच्या मधली दांडी त्याला खाली घसरू देत नाही आणि ट्रे ताटवाटी पेलतो. मुलाला बैठकीवर धरून ठेवण्याचे काम पट्ट्याचे आहे आणि बहुतेक गैरसमज हे काम दुसऱ्या कशावर तरी सोपवल्यामुळे तयार होतात.

अमेरिकेतील २००३ ते २०१० या काळातील रुग्णालयीन नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाय चेअर आणि मोठ्यांच्या खुर्चीवर ठेवायच्या बूस्टर सीटमुळे दुखापत झालेली तीन वर्षांपर्यंतची सरासरी ९,४०० हून अधिक मुले तेथे दर वर्षी तातडीच्या उपचार विभागात आणली जात होती. हाय चेअरच्या अपघातांपैकी सुमारे ९३ टक्के अपघात पडण्याचे होते. पडण्यापूर्वी मूल काय करत होते याची नोंद जिथे होती, तिथे तीनपैकी दोन मुले खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत-उतरत होती. नीट पट्टा बांधलेल्या मुलाला उभे राहता येत नाही, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो.

गैरसमज : ट्रे लावला की मूल पडत नाही.

वस्तुस्थिती : ट्रे हा अडसर वाटतो, पण तो मुलाला धरत नाही. सात-आठ महिन्यांचे बाळ ट्रे आणि बैठक यांच्या फटीतून खाली घसरू शकते. त्याचे धड खाली जाते आणि डोके वर अडकते. अशा वेळी मान दाबली जाऊन श्वास कोंडू शकतो. म्हणूनच मांड्यांच्या मधली दांडी आणि जांघेचा पट्टा हे दोन्ही महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत जून २०१९ पासून लागू असलेल्या सक्तीच्या मानकानुसार हाय चेअरला मांड्यांच्या मधला पक्का अडसर आणि कंबर व जांघ धरणारा पट्टा असावाच लागतो. वर्षभराचे मूल याच्या उलट करते. ते ट्रेवर हात रोवून उभे राहते आणि त्याच्यावरून पुढे झुकते. ट्रेची खिटी नीट बसलेली नसेल, तर ट्रेसकट खाली येते.

यासाठी क्रम ठरलेला असावा. मुलाला बसवले की आधी पट्टा लावावा आणि मग ट्रे. उतरवताना आधी ट्रे काढावा, पट्टा शेवटी सोडावा आणि तो सोडताना एक हात मुलावर ठेवावा.

गैरसमज : मोठे माणूस समोर बसलेले असेल तर पट्ट्याची गरज नाही.

वस्तुस्थिती : एक मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू सुमारे ०.४५ सेकंदात जमिनीवर येते. डोळ्यांनी पाहून हात हलायला सुरुवात होईपर्यंतच यातला जवळपास निम्मा वेळ जातो. उरलेल्या पाव सेकंदात हातातला चमचा टाकून, टेबलाला वळसा घालून मुलाला झेलणे बहुतेक वेळा शक्य नसते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असल्यामुळे तोल गेला की ते डोक्यावरच पडण्याची शक्यता जास्त असते. खालची फरशी कडक असते, हा धोका वेगळाच.

मोठ्यांचे लक्ष हवेच. घास घशात अडकतो आहे का, मूल गरम वाटीकडे हात नेते आहे का, हे लक्ष असल्याशिवाय कळत नाही. पण पडणे थांबवण्यासाठी लक्ष आणि पट्टा ही दोन्ही लागतात. पट्टा बांधलेला असला तरी मुलाला खुर्चीत एकटे सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

गैरसमज : मूल मोठे झाले, नीट बसू लागले की पट्टा सोडून द्यावा.

वस्तुस्थिती : नीट बसणारे मूल काही महिन्यांतच उभे राहायला शिकते आणि खुर्चीतला सर्वांत धोक्याचा काळ तिथून सुरू होतो. हाय चेअरचे युरोपीय मानक, इएन १४९८८, सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांसाठी आहे. या संपूर्ण काळात पट्टा गरजेचा असतो.

पट्टे दोन प्रकारचे असतात. तीन टोकांचा पट्टा कंबरेच्या दोन्ही बाजू आणि जांघ धरतो. पाच टोकांचा पट्टा याशिवाय दोन्ही खांदे धरतो. उभे राहण्याची धडपड करणाऱ्या मुलासाठी पाच टोकांचा पट्टा अधिक भरवशाचा आहे. तो अंगाशी लागून असावा. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये मोठ्या माणसाचे एखाद-दुसरे बोट जाईल इतकीच जागा राहू द्यावी. मूल वाढते तशी पट्ट्याची लांबी आणि खांद्यांपाशी असलेली खाच बदलावी लागते. पट्टा बांधताच मूल रडते, अशी तक्रार नेहमीची आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी पट्टा लावला, तर मूल तो खाण्याच्या तयारीचाच भाग मानते. कधी लावला, कधी नाही असे केले, तर ते विरोध करायला शिकते.

गैरसमज : पट्टा तुटला असेल तर ओढणी किंवा पंचा बांधून काम भागते.

वस्तुस्थिती : पोटाभोवती बांधलेले कापड जांघ धरत नाही. मूल खाली सरकले की कापड पोटावरून छातीवर आणि तिथून गळ्यापाशी येते. म्हणजे पडण्याच्या धोक्यात गळा आवळला जाण्याच्या धोक्याची भर पडते. गाठ सैल होते, आणि संकटाच्या वेळी ती चटकन सुटत नाही.

हॉटेलांतील खुर्च्यांबाबत ही काळजी विशेष घ्यावी लागते. त्या दिवसभर अनेकांच्या हातांतून जातात. बक्कल तुटलेले, जांघेचा पट्टा गळून पडलेला किंवा पाय डळमळीत झालेला असू शकतो. मुलाला बसवण्याआधी पट्टा लावून, ओढून पाहावा. खुर्ची हलवून पाहावी. पट्टा धड नसेल, तर मांडीवर घेऊन भरवणे हाच चांगला पर्याय.

जुनी, नातेवाइकांकडून आलेली खुर्चीही अशीच तपासावी. पट्टा पूर्ण आहे का, बक्कल आवाज करून बसते का, घडी घालण्याची कडी आपोआप सुटत नाही ना, प्लास्टिकला चीर गेलेली नाही ना, हे पाहावे.

गैरसमज : जड आणि रुंद पायांची खुर्ची कलंडत नाही.

वस्तुस्थिती : रुंद पाया स्थैर्य वाढवतो, पण मूल बसल्यावर एकूण वजनाचा मध्य वर सरकतो. मुलाचे पाय टेबलाच्या कडेला, भिंतीला किंवा ओट्याला पोहोचत असतील, तर ते जोर लावून खुर्ची मागे ढकलू शकते. पट्टा बांधलेला असला, तरी मग मूल खुर्चीसकट पडते. म्हणून खुर्ची अशा कोणत्याही आधारापासून दूर ठेवावी. ती सपाट जमिनीवर असावी. चाके असतील तर ती लॉक करावीत. मोठ्या भावंडांना खुर्चीला लोंबकळू देऊ नये आणि मुलाला स्वतःहून खुर्चीवर चढू देऊ नये. खिडकी, गॅलरीचा कठडा, विजेच्या वायरी, पडद्याच्या दोऱ्या, टेबलक्लॉथ आणि गरम वरणाची किंवा चहाची भांडी मुलाच्या हाताच्या टप्प्यात नसावीत.

गैरसमज : मान धरू लागलेल्या बाळाला उशा लावून हाय चेअरमध्ये बसवता येते.

वस्तुस्थिती : मान धरणे आणि बसणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीविषयक अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागण्याचे वय ३.८ ते ९.२ महिने इतक्या मोठ्या पट्ट्यात आढळले. त्यामुळे शेजारचे बाळ बसते म्हणून घरचे बाळही त्याच महिन्यात बसेल असे नाही. वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करायचे असते. म्हणजे भरवण्यासाठी त्याआधी बाळाला खुर्चीत बसवण्याची घाई करण्याचे कारणही उरत नाही. बाळ डोके स्थिर ठेवते का आणि थोड्या आधाराने ताठ बसते का, हे पाहून ठरवावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उशा घसरतात, दाबल्या जातात आणि नाकातोंडावर येऊ शकतात. बाळ एका बाजूला कलत असेल किंवा पुढे वाकत असेल, तर त्याला काही आठवडे मांडीवरच भरवावे.

गैरसमज : जमिनीवर ठेवायची छोटी बैठक टेबलावर किंवा ओट्यावर ठेवली, की हाय चेअरचे काम होते.

वस्तुस्थिती : अशा बैठका जमिनीवर वापरण्यासाठीच असतात. बाळ पाठ मागे ताणून त्यांतून निसटू शकते. बम्बो नावाच्या अशा बैठका उंच जागी ठेवल्यामुळे बाळे पडून कवटीला तडे गेल्याच्या नोंदी झाल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४० लाख बैठकांसाठी पट्टा देण्याची मोहीम घ्यावी लागली. पट्टा बसवल्यानंतरही ती बैठक उंचावर ठेवू नये, अशीच सूचना होती.

टेबलाच्या कडेला अडकवायच्या खुर्च्यांबाबतही निर्मात्याच्या सूचना काटेकोर पाळाव्या लागतात. काचेचे, हलके, किंवा मधोमध एकच खांब असलेले टेबल त्यांना चालत नाही. टेबलक्लॉथवरून खुर्ची अडकवली तर तिची पकड सुटते.

गैरसमज : पट्टा बांधलेला असेल तर घास अडकल्यावर मुलाला वेळेत बाहेर काढता येत नाही.

वस्तुस्थिती : चांगल्या खुर्चीचे बक्कल मोठ्या माणसाला एका हाताने, क्षणात उघडता येते. घरातल्या प्रत्येक माणसाने ते उघडून पाहिलेले असावे. घास अडकण्याचा धोका कमी होतो तो मुलाला ताठ बसवल्याने, आणि पट्टा नेमके तेच साधतो. मागे रेललेल्या स्थितीत घट्ट अन्न भरवू नये. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे आणि बिया असलेली बोरे किंवा सीताफळ लहान मुलाला देऊ नये.

मूल खोकत किंवा रडत असेल, तर हवा जात-येत आहे. त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला असेल तर लगेच बाहेर काढावे. एक वर्षाखालील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यावेत आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. एक वर्षावरील मुलाला छातीऐवजी बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने दाब देतात. घशात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपू नये. त्याच वेळी दुसऱ्या कोणी १०८ वर फोन करावा.

गैरसमज : खाता खाता झोप लागली तर बाळाला तिथेच झोपू द्यावे.

वस्तुस्थिती : बसल्या जागी झोपलेल्या बाळाची मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि अरुंद श्वासमार्ग आणखी आवळला जातो. झोपलेल्या बाळाला अडचण आली तरी मान उचलता येईलच असे नाही. तोंडात घास नाही ना हे पाहून त्याला उचलावे आणि सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपवावे.

गैरसमज : पडल्यावर मूल लगेच रडले म्हणजे काही झालेले नाही.

वस्तुस्थिती : लगेच रडणे म्हणजे मूल शुद्धीवर आहे, इतकाच त्याचा अर्थ. दोन वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दुखापतीची तपासणी करताना डॉक्टर ०.९ मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडणे ही गंभीर बाब मानतात. हाय चेअरमध्ये उभे राहून पडलेले मूल सहज या उंचीत येते. एक वर्षाखालील बाळ डोक्यावर पडले असेल, तर ते खेळत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

वारंवार उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, झटके, शुद्ध हरपणे, न थांबणारे रडणे, फुगलेली टाळू, डोक्यावर मऊ सूज, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त, एक हात किंवा पाय कमी हलणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. टेंगूळ चोळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे धरावा. डॉक्टरांनी घरी पाठवल्यावर मुलाला त्याच्या नेहमीच्या वेळी झोपू द्यायला हरकत नसते, मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे उठवून पाहावे आणि पुढचे २४ तास त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवावे.