वाडा, कारखाना आणि बदलाचा प्रस्ताव (लेखांक ६)

ऐतिहासिक इमारतीचा मूळ उपयोग संपल्यावर ती न पाडता, नुसती कुलूपबंदही न ठेवता, तिच्या मूळ रचनेचा मान राखून तिच्यात नवे काम सुरू करणे, यास वास्तुसंवर्धनात अनुकूल पुनर्वापर म्हणतात. आणि ही कल्पना अलीकडची भासली तरी पुणे परिसराला ती मुळीच नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यानंतर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली, पुढे तेथे नगरपालिकेची कचेरीही आली, आणि इतके धनी बदलूनही तो उभा राहिला, किंबहुना कोणी ना कोणी त्याचा वापर करीत राहिल्यामुळेच उभा राहिला. पिंपरी-चिंचवडमध्ये याचे ठळक उदाहरण म्हणजे चिंचवडगावातील चापेकर वाडा. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणाऱ्या दामोदर चापेकरांचे आणि त्यांच्या बंधूंचे हे घर आज क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीच्या प्रयत्नांतून स्मारक झाले आहे. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात समाजाची वर्दळ सुरू होते, तेव्हा इमारतीवर नेमके काय ओढवते याचा अंदाज आधी घेणे हेच बदलाच्या प्रस्तावाच्या छाननीचे काम असते.

या छाननीची कायदेशीर चौकट मागील लेखांकांत आली आहे, म्हणून येथे तिचा उल्लेख पुरेसा आहे. वारसा इमारतींसाठीची स्वतंत्र नियमावली देशात प्रथम मुंबईत १९९५ मध्ये लागू झाली आणि तिने इमारतींच्या तीन श्रेणी ठरवल्या: पहिल्या श्रेणीत जवळपास काहीही बदलता येत नाही, दुसरीत बाह्यरूप राखून आतले फेरफार व नवा उपयोग यांना वाव असतो, तर तिसरीत परिसराशी सुसंगत असे अधिक मोठे बदल चालतात. वारसा समिती याच श्रेणीच्या आधारे आयुक्तांना सल्ला देते. मात्र श्रेणी केवळ मर्यादा सांगते. प्रस्ताव चांगला की वाईट हे ती सांगत नाही, आणि समितीसमोर येणाऱ्या नकाशांत दर्शनी भागाची सुबक चित्रे जितकी असतात, तितकी भिंतीच्या आतल्या ओलीची माहिती नसते.

वाड्याच्या बाबतीत छाननी प्रत्यक्षात दोन ठिकाणी अडते, किंवा अडायला हवी. पहिले ठिकाण म्हणजे मजल्यावरचा भार. भारतीय मानक ८७५ प्रमाणे निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो, तर पक्की आसने नसलेल्या सभागृहासाठी सुमारे ५०० किलो भार धरावा लागतो. म्हणजे ज्या माडीवर पूर्वी चार माणसे झोपत, तिथे व्याख्यानाला शंभर श्रोते बसवायचे ठरले की सागवानी तुळया आणि कडीपाट यांच्याकडून अडीचपट सामर्थ्याची अपेक्षा केली जाते. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे जुना पाट काढून काँक्रीटचा स्लॅब टाकणे, आणि तो मंजूर झाला की वाड्याची फक्त भिंत ऐतिहासिक उरते. त्याहून साधा उपाय असा की इमारत बदलण्याऐवजी उपयोगाची जागा बदलावी: सभागृह व पुस्तकांची कपाटे तळमजल्यावर जोत्याच्या आधारावर ठेवावीत आणि माडीवर एका वेळी मोजके लोक जातील अशी दालने करावीत.

दुसरे ठिकाण गिलाव्याचे. जोत्यातून भिंतीत चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाष्प होऊन निघून जाते. सिमेंटचा गिलावा तिला अडवतो, मग ती आणखी वर चढते, विरघळलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात, वीट पापुद्रे सुटून झडू लागते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. हे सर्व घडायला काही वर्षे जातात, त्यामुळे उद्‌घाटनाच्या दिवशी भिंत गुळगुळीत दिसते आणि दोष कोणाच्याच नावावर चढत नाही. ठराविक दरसूचीवरून बेतलेल्या अंदाजपत्रकातली ‘सिमेंट गिलावा’ ही एक ओळ म्हणूनच दर्शनी कमानीच्या रंगापेक्षा अधिक बारकाईने वाचली पाहिजे. स्मारकांच्या संवर्धनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने समाजोपयोगी वापर इष्ट मानला, पण त्यासाठी इमारतीची मांडणी वा अलंकरण बदलू नये अशी अट घातली. आणि संवर्धनशास्त्र आज तिला आणखी एक कसोटी जोडते, ती म्हणजे केलेला बदल पुढे मूळ भागाला इजा न करता काढून टाकता येईल का. लाकडी फळीची आडभिंत या कसोटीवर उतरते, स्लॅब उतरत नाही.

येथवरचे विवेचन वाड्यांना लागू पडते; परंतु पिंपरी-चिंचवडचा खरा ऐतिहासिक ठेवा वाड्यांपुरता नाही, आणि वारशाची यादी करणाऱ्यांची नजर सहसा देवळे, घाट व वाडे यांच्यापुढे जात नाही. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले, आणि शेतजमिनीवर शेडच्या रांगा चढत गेल्या. त्या पिढीच्या शेडचे करवती दात्यांसारखे छप्पर शोभेसाठी नव्हते: दात्यांची उभी बाजू उत्तरेकडे ठेवून तिला काचा बसवल्या की लेथवर सावली व झळाळी न पडता दिवसभर एकसारखा प्रकाश येतो. अशा शेडमध्ये दालन किंवा कार्यालय करण्याचा प्रस्ताव आला, तर वातानुकूलनासाठी त्या काचा पत्र्याने बंद होणार का, हा छाननीतला पहिला प्रश्न असायला हवा. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोण व कसे उतरवणार आणि जमिनीत मुरलेले तेल व रसायने तपासली का, हे लगोलग विचारण्याचे प्रश्न. औद्योगिक वारशासाठी २००३ मध्ये संमत झालेली निझनी तागिल सनदही नव्या उपयोगाने महत्त्वाच्या मूळ घटकांचा व ये-जा करण्याच्या वाटांचा मान राखावा असे सांगते. असा नवा उपयोग जमतो याचे उदाहरण म्हणजे, जर्मनीतील एसेनच्या झोलफेराइन कोळसा खाणीला २००१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिच्या कोळसा धुण्याच्या इमारतीत आज संग्रहालय आहे.

पण पिंपरीच्या बाबतीत हे प्रश्न विचारायला वेळच येत नाही, कारण छाननी यादीपासून सुरू होते आणि जी इमारत यादीत नाही तिच्याबद्दल समितीला काही विचारण्याचा अधिकार नसतो. त्यात अधिकारक्षेत्रांची गुंतागुंत आहे: डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली महापालिकेला लागू असली तरी एमआयडीसीचे क्षेत्र तिच्याबाहेर आहे आणि तेथे महामंडळ स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. त्या नियमावलीत औद्योगिक जमिनीचे निवासी वापरात रूपांतर, ज्याला बोलीभाषेत ‘आय टू आर’ म्हणतात, त्यासाठी कामगारांची देणी चुकती केल्याबद्दल कामगार खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, सुविधांसाठी जागा सोडावी लागते. हे योग्यच आहे, पण पाडल्या जाणाऱ्या शेडचे मोजमाप आणि छायाचित्रे मागण्याची तसदी कोणी घेत नाही. शेजारच्या चाकणचे मोठे वाहन कारखाने मात्र १९९० च्या दशकाअखेरीपासूनचे, म्हणून तिथे अशी नोंद करायला अजून वेळ हाताशी आहे. पिंपरीला तो नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची देणी फेडण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्येच मंजुरी दिली आहे.

यादी होईपर्यंत निदान नोंद तरी व्हावी. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथील निवृत्त कामगार, फोरमन आणि अभियंते यांच्या कपाटांत जुन्या शेडची छायाचित्रे, ब्लूप्रिंट, यंत्रांच्या मांडणीचे नकाशे असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. त्यावर वर्ष, विभाग आणि टिपलेल्या माणसांची नावे लिहून ठेवावीत आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाकडे द्यावी.