मिठी नदी

गंगा, गोदावरी अशा मोठ्या नद्यांचीं वर्णनें भूगोलाच्या पुस्तकांत आढळतात. परंतु आपल्या दारावरून वाहणाऱ्या लहान नदीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मुंबईची मिठी नदी ही अशीच एक उपेक्षित नदी होय. तिचा मार्ग कोणता व तिचें कार्य काय, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

साष्टी बेटाच्या मध्यभागीं डोंगर आहेत. त्यांच्या कुशींत विहार तलाव १८६० सालीं बांधून पुरा झाला, व त्याच्या खालच्या अंगास पुढें पवई तलाव झाला. विहारचें पाणी आजहि मुंबईकर पितात. पवईचें पिण्यास योग्य नाहीं. पावसाळ्यांत हे तलाव तुडुंब भरले म्हणजे सांडव्यावरून पडणारें पाणी मिठीच्या पात्रांत येतें. साकीनाका, कुर्ला, कलिना या वस्त्यांवरून ती दक्षिणेकडे जाते. नंतर पश्चिमेस वळून वांद्रें व धारावी यांच्यामधून माहीमच्या खाडीस मिळते. तिची सारी लांबी सुमारें १८ किलोमीटर.

खाडीच्या मुखाशीं कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आले आहेत. पूर्वीं माहीमहून वांद्र्यास होडीनेंच जावें लागे. लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या उदार देणगीनें येथें रस्ता बांधला गेला, व १८४५ सालीं तो लोकांस खुला झाला.

परंतु मिठीचें मुख्य कार्य याहून निराळें आहे. भोंवतालच्या प्रदेशावर पडणारा पाऊस समुद्रास पोंचविणें हें तें कार्य. कुर्ल्याच्या खालीं जमीन इतकी सखल आहे कीं, भरतीचें पाणी दिवसांतून दोन वेळां नदींत शिरतें. अशा वेळीं मोठा पाऊस झाला, तर वरून आलेल्या पाण्यानें जावें कोठें? त्याला ओहोटीची वाट पाहत थांबावें लागतें. त्याच्या या विसाव्यासाठींच निसर्गानें दोन्ही तीरांवर खाजणें व तिवरांची झाडी ठेविली होती.

मनुष्यास मात्र ती जागा रिकामी वाटली. खाजणांत भराव पडला, त्यावर कचेऱ्या व वस्त्या उठल्या. विमानतळाची धावपट्टी तर नदीच्या डोक्यावरून गेली. कारखान्यांचें सांडपाणी व घरोघरचा केरकचरा यांनीं उरलेलें पात्रहि उथळ केलें.

२६ जुलै २००५ रोजीं याचा हिशेब चुकता झाला. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यांतच समुद्रास भरती आली. नदीस वाट मिळेना. ती घरांत शिरली. त्या प्रलयांत शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर पात्र रुंद व खोल करण्याचीं कामें हातीं घेण्यांत आलीं; तथापि सांडपाणी व कचरा अद्यापि पुरता थांबलेला नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, उन्हाळ्यांत मिठीच्या पुलावरून जातांना ती नाल्यासारखी दिसते, व काठची जागा फुकट गेली असें वाटतें. ती फुकट नाहीं. श्रावणांतील पाण्यासाठीं ती राखून ठेवावयाची आहे. तेथें केराची एक टोपली टाकणें म्हणजे पावसाची वाट तेवढी अडविणें होय. हें लहानांनीं जाणावें व वडील मंडळींसहि सांगावें, इतकीच आमची विनंति आहे.