ओल्ड सॅरम : एक बेचिराग मतदारसंघ

गांव बेचिराग झाला तरी त्याची पाटिलकी कागदोपत्रीं जिवंत राहते व तिच्या तक्षिमांची खरेदी-विक्री चालते, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस नवें नाहीं. परंतु उजाड टेकडीच्या नांवें राज्याच्या विधिमंडळांत दोन सभासद शतकानुशतकें बसावे, असें उदाहरण विरळा. तें इंग्लंडांतील ओल्ड सॅरमचें होय. जुन्या लेखांचें मोल कशांत असतें हें त्यावरून चांगलें उमगतें. म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

विल्टशर परगण्यांत सॉल्सबरी शहराच्या उत्तरेस सुमारें दोन मैलांवर ही मातीच्या तटांची टेकडी आहे. नॉर्मन राजांच्या अमदानींत तीवर किल्ला होता. तेथील मुख्य चर्चची प्रतिष्ठा १०९२ सालीं झाली. पुढें पाण्याची टंचाई, वाऱ्याचा मारा व किल्ल्यांतील शिबंदीशीं धर्माधिकाऱ्यांचे खटके यांमुळें १२२० सालीं खालच्या सपाटीवर नव्या चर्चचा पाया घातला गेला. वस्ती हळूहळू तिकडे उतरली. तेंच आजचें सॉल्सबरी. तथापि १२९५ सालीं जुन्या टेकडीस दोन प्रतिनिधि पाठविण्याचा हक्क मिळाला, आणि चौदाव्या शतकापासून तो सतत बजावला गेला.

हा हक्क रहिवाशांचा नव्हता. तो विवक्षित भूखंडांस चिकटलेला होता. ज्याच्या नांवें भूखंडाचा लेख, तो मतदार. सर्व भूखंड एका धन्याचे असले म्हणजे निवडणुकीपुरते ते विश्वासू माणसांच्या नांवें लिहून द्यावे व मत पडतांच परत घ्यावे, अशी या प्रकारच्या मतदारसंघांत वहिवाट असे. येथील निवडणूक शेतांतील एका एल्म वृक्षाखालीं होई. १८३१ सालीं मतदार अवघे अकरा. त्यांतील एकहि तेथें राहत नव्हता. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी अशीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. येथें भुक्ति केव्हांच लोपली होती, साक्षीस वृक्ष तेवढा उरला होता. सारें राज्य लिखिताचें.

१६९१ सालीं सॉल्सबरीच्या अर्लच्या घराण्याकडून ही मालमत्ता टॉमस पिटनें विकत घेतली. हाच पुढें १६९८ ते १७०९ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता. आपल्या प्रसिद्ध गोवळकोंडी हिऱ्याच्या पैशावर त्यानें ही जागा घेतली, असें आम्ही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. सनावळी ताडून पाहतां आमची चूक ध्यानीं आली. हिरा त्यानें मद्रासेंत असतांना घेतला व १७१७ सालीं फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस विकला. ओल्ड सॅरमची खरेदी त्यापूर्वींची. तोंवरची त्याची संपत्ति मुख्यतः कंपनीचा मक्ता मोडून हिंदुस्थानांत केलेल्या व्यापाराची होती. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ सालीं येथूनच पार्लमेंटांत शिरला. आणि असल्या मतदारसंघांस राज्यघटनेचा कुजका भाग म्हणणारा, १७६६ सालीं, तोच.

१८०२ सालीं कॅलेडनच्या दुसऱ्या अर्लनें ही टेकडी ६०,००० पौंडांस घेतली. जमिनीचें व मनोरीच्या हक्कांचें उत्पन्न फार तर ७०० पौंड. म्हणजे पंचाऐंशी वर्षांच्या वसुलाहून अधिक किंमत! हा वाढावा दोन जागांचा. या अर्लच्या पित्याची दौलतहि हिंदुस्थानांतीलच. त्याचा आप्त जेम्स अलेक्झांडर, कंपनीचा जुना चाकर, १८१२ पासून येथला सभासद होता. १८१३ सालीं कंपनीची सनद ज्या सभेनें नवी करून दिली, तींत येथील एकाहि रयतेस मत नव्हतें; येथून गेलेल्या पैशास मात्र होतें.

१८३२ च्या सुधारणा-कायद्यानें ओल्ड सॅरमसह ५६ ठिकाणांचे हक्क समूळ काढून घेतले, व ज्यांस त्या वेळीं एकहि सभासद नव्हता त्या मँचेस्टर व बर्मिंगहॅम शहरांस दोन दोन सभासद दिले. एका दिवसांत तीं खरेदीखतें मेंढ्या चारण्याच्या जमिनीचे कागद झालीं.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, निकृष्ट जमिनीस अवाच्या सवा किंमत पडलेली दिसली, तर लेखकाची चूक म्हणून तो कागद बाजूस सारूं नये. जमिनीबरोबर दुसरें काय विकलें जात होतें, व तें मूळ कोणाचें होतें, हें आधीं शोधावें.